आण्णांच्या रक्ताला लागलेली फॅट

आण्णा गेल्यावर भेटायला येणारी माणसं ओसरीत बसून एकच गोष्ट सांगत होती. सेक्रेटरींनी, म्हणजे आण्णांनी, आपलं दूध एकदा परत फिरवलं होतं. प्रत्येकाला आपापली वेळ नीट आठवत होती. कुणाची पहिलटकरीण म्हैस होती, कुणाकडे पाहुणे आलेले होते, कुणी रागाने कॅन सोसायटीच्या ओट्यावरच पालथा केला होता. सांगता सांगता ती माणसं हसायची, आणि मग आपण कशासाठी आलो आहोत ते आठवून पदर-टोपी सारखी करायची. आई आतून सगळं ऐकत होती. दहावं झालं त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "समद्यांचं फिरवल्यालं समदे सांगायलेत. त्यांचं सोताचं फिरवल्यालं कुनी सांगंना. ते तू लिव्ह."

तेव्हापासून लिहिते आहे. मला लिहायला वेळ लागतो. एक पान झालं की दोन दिवस ते तसंच पडू देते. आईला हे पटत नाही. तिच्या मते एवढी गोष्ट सांगायला चहा निवण्याइतका वेळ पुरतो.

आण्णा, माझे वडील, आमच्या गावच्या सहकारी दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. गाव लिंबागणेशच्या अलीकडे, माळाला. सोसायटीची खोली एवढीशी, पण सकाळी तिच्यासमोर अख्खं गाव उभं असायचं. आण्णा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचे, काचेच्या नळीत घालायचे, यंत्रात फिरवायचे आणि मग मोठ्याने आकडा सांगायचे. तो आकडा म्हणजे फॅट. फॅट जितकी जास्त तितका भाव जास्त, आणि मानही जास्त. "त्यांच्या म्हशीला आठ लागली," असं बायका विहिरीवर सांगायच्या ते एखाद्याचा मुलगा फौजदार झाल्यासारखं. आमच्या गावात मोठा आकडा वाईट असू शकतो, हे कुणाला माहीतच नव्हतं.

आण्णांची दुसरी एक तपासणी होती, ती मात्र कुणालाच आवडायची नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत एखादं दूध त्यांना संशयाचं वाटलं, की त्यातलं थोडंसं ते नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरायचे. उकळी आली तरी दूध सरळ राहिलं तर कॅनमध्ये. बारीक कण दिसले तर परत. आमच्याकडून निघालेली गाडी गावोगावचं दूध घेत शीतकरण केंद्रावर पोचायला दुपार व्हायची. एकाचं दूध वाटेत फाटलं तर कॅनमधलं सगळ्यांचंच जायचं. हे सगळ्यांना कळत होतं, पण आपलं दूध परत फिरलं की कळायचं बंद व्हायचं. कारण दूध दिसायला चांगलं असायचं. पांढरंशुभ्र, वास नाही, चव बिघडलेली नाही. माणूस म्हणायचा, "सेक्रेटरी, दिसायला तर चांगलं हाय की." आणि आण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "आत्ता चांगलंच हाय. वाटंत फाटंल." आवाज चढायचा नाही. पुढचा कॅन.

आण्णांना हृदयविकाराचा झटका आला ते वर्ष छावणीचं होतं. विहिरी आटलेल्या, मोसंबीच्या बागांचं सरपण झालेलं, आणि गावातली जवळजवळ सगळी जनावरं सोसायटीच्या चेअरमनांनी माळावर उघडलेल्या चारा छावणीत. जनावरांबरोबर माणसंही तिथेच राहायला गेली होती. मग आण्णांनीही आपलं यंत्र, नळ्या आणि दिवा छावणीत हलवला आणि एका पत्र्याखाली दूध घ्यायला सुरुवात केली. दूध फार कमी झालं होतं. दूध संघाने कळवलं होतं, की आमचे साहेब येऊन बघतील, गाडी पाठवणं परवडतं का ते ठरवतील. गाडी बंद झाली असती तर लोकांकडे उरलेला तेवढा एक रोजचा पैसाही बंद झाला असता. आण्णा त्या साहेबांची वाट बघत होते आणि छातीत दुखतंय हे कुणाला सांगत नव्हते. एके सकाळी नमुने घेता घेता ते खाली बसले. पित्त झालंय म्हणून सोडा प्यायले. घाम थांबेना तेव्हा चेअरमनांनी त्यांना आपल्या जीपमध्ये घातलं आणि बीडला आणलं.

मी तेव्हा बीडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. मी दवाखान्यात पोचले तोवर रक्तातली गाठ विरघळवायचं इंजेक्शन देऊन झालं होतं, दुखणं थांबलं होतं आणि आण्णा खाटेवर पडून छताचा पंखा डुगडुगतोय अशी तक्रार करत होते.

त्यानंतरचे दोन दिवस आठवले की अजून हसू येतं. दर काही तासांनी नर्स यायची, रक्त घ्यायची आणि नळी हलकेच उलटीपालटी करायची. आण्णा मान उंचावून बघत राहायचे.

"हळूच हलवतीस. बरं करतीस," ते तिला म्हणाले. "आमच्या पोरास्नी सांगून थकलो. जोरात हलवलं की फेस येतो, मग आकडा चुकतो."

"काका, हे रक्त आहे."

"आसंना. नमुना तो नमुना."

दवाखाना त्यांना पसंत पडला होता. सकाळ-संध्याकाळ नमुने घेतात, नळीवर चिठ्ठी डकवतात, काम पद्धतशीर आहे, असं ते आईला सांगत होते. आई म्हणाली, "मग ऱ्हावा हितंच."

डॉक्टर तरुण होते, शिरूर कासारकडचे. बोलणं दवाखान्याचं, शुद्ध, पण गडबडीत असले की तोंडून 'हाय' आणि 'न्हाई' निघून जायचं. त्यांनी मला बाजूला घेऊन रक्ताच्या तपासण्यांबद्दल सांगितलं. ट्रोपोनिन नावाचा एक पदार्थ असतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की तो रक्तात उतरतो. किती उतरला यावरून इजा किती झाली याचा अंदाज येतो. हा मागचा हिशोब झाला. दुसरी तपासणी बीएनपीची. हृदयावर ताण आला, ते फुगायला लागलं, की हा पदार्थ वाढतो. झटक्यानंतर तो फार वाढलेला असेल तर पुढच्या काही दिवसांत फुप्फुसात पाणी होण्याची, ठोके बिघडण्याची भीती जास्त. माणूस वरून ठणठणीत दिसत असला तरी. "नेमकं काय होईल ते रक्त सांगत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण कुणावर डोळा ठेवायचा ते सांगतं."

आण्णांचा बीएनपीचा आकडा आला तो चार अंकी होता. रिपोर्ट मी वाचायच्या आधी आण्णांनी नर्सला विचारलं होतं, "किती लागली?" आणि त्या भोळ्या मुलीने आकडा सांगून टाकला होता.

मी खोलीत गेले तर चेअरमन आलेले होते. पांढरे कपडे, हातात शहाळी, खाली जीप उभी. आण्णा उशीला टेकून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला दारातच थांबावंसं वाटलं.

"चार आकडी?" चेअरमन म्हणत होते. "काय सांगता सेक्रेटरी. आपल्या सोसायटीत आजवर कुनाला लागली न्हाई."

"आता काय सांगावं," आण्णा म्हणाले. "हाडच तसं हाय. लहानपनी खाल्लेलं कुठं जातंय."

"मग सोडत्याल की आज. परवा संघाचे सायब येनार छावनीत. तुमी खुर्चीत नुसतं बसा. हात लावू नका कशाला. तुमी दिसले की बास."

"आण्णा," मी म्हणाले, "हा आकडा मोठा असणं चांगलं नसतं."

दोघांनीही माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"ताई," चेअरमन समजुतीने म्हणाले, "तुमी शिकल्या-सवरल्याल्या. पर मोठा आकडा आन वाईट, आसं कुठं आसतंय का?"

"बिलाचा आसतो," आई म्हणाली. ती कोपऱ्यात मोसंबी सोलत होती. वर बघितलं नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी मला सांगितलं होतं तेच आण्णांना सांगितलं, सोप्या शब्दांत, खाटेच्या कडेला बसून. अजून काही दिवस याच खोलीत राहायचं. मीठ बंद. पाणीसुद्धा मोजून.

"पानी मोजून," आण्णा म्हणाले. "म्हंजी हितं बी टँकरच."

"तसंच समजा."

"पर डॉक्टरसाहेब, मला तर काईच होत न्हाई. दुखत न्हाई, दम न्हाई. जिना चढून दावू का?"

"आत्ता होत नाहीये हे मला दिसतंय. पुढं होऊ नये म्हणून थांबायचं."

"झालंच न्हाई त्याच्यासाठी का म्हून थांबायचं? गावाला एकच तपासनारा हाय. परवा मी न्हाई म्हंजी गाडी बंद. मी आपल्या जबाबदारीवर जातो. कुठं सही करायची सांगा."

डॉक्टरांनी बराच वेळ त्यांच्याशी हुज्जत घातली. आण्णा आवाज न चढवता प्रत्येक वाक्याला नाही म्हणत गेले. दूध परत फिरवताना ते असेच असायचे, त्यामुळे आता हे हलणार नाहीत हे मला कळलं. दुसऱ्या पेशंटसाठी हाक आली तेव्हा डॉक्टर उठले, मला म्हणाले, "समजवा त्यांना," आणि गेले. मला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं समजलं होतं, पण आण्णांना सांगता येईल असं त्यातलं एकही वाक्य मला सापडत नव्हतं. आण्णांनी खुंटीवरचा सदरा मागितला. कुणी देईना म्हणून स्वतःच उठून घेतला आणि एक बाही घातली. चेअरमन एकदा जीपच्या किल्लीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. तेही घाबरले होते हे मला तेव्हाच दिसलं.

आईने मोसंबीच्या फोडी ताटलीत ठेवल्या, हात पदराला पुसले आणि ती आण्णांच्या समोर येऊन उभी राहिली. त्यांना वरपासून खालपर्यंत तिने नीट न्याहाळलं.

"दिसायला तर चांगलं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"पांढरं सफेद हाय. वास न्हाई, काई न्हाई. सकाळीच तर काढलंय. का म्हून परत फिरवायलात, सेक्रेटरी?"

तिने आवाजसुद्धा त्या ओट्यावरच्या माणसांचा काढला होता, थोडा रडवा, थोडा भांडकुदळ. चेअरमनांच्या तोंडावर हसू आलं आणि तिथेच थांबलं. आण्णा एक बाही घातलेले, दुसरा हात हवेत, तसेच उभे होते. इतकी वर्षं जे उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, ते आता त्यांना कुठूनतरी लांबून आणावं लागत होतं.

"बोला की," आई म्हणाली.

"आत्ता चांगलंच हाय," आण्णा हळू म्हणाले. हवेतला हात खाली आला. "वाटंत फाटंल."

"आन हितनं गावापर्यंत वाट केवढी हाय?"

"लई हाय," चेअरमन म्हणाले. "आन रस्ता बी खराब हाय." तो रस्ता बरीच वर्षं त्यांच्याच भाषणांत होत होता, पण त्या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

आण्णा खाटेवर बसले. डॉक्टर परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "साहेब, हे माझं रक्त, हे तुमी दिव्यावर धरून बगितलं का?"

डॉक्टरांना काही कळेना. मग आण्णांनी त्यांना दुधाची सगळी तपासणी सांगितली, नळी किती भरायची, ज्योत कुठे लागली पाहिजे, कण कसे ओळखायचे. डॉक्टरांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "हो. असंच हाय हे."

"मंग आदी न्हाई का सांगायचं," आण्णा म्हणाले आणि बाही काढली. "फिरवा मला परत. पर फॅट लागली ती लागली."

यानंतरचा दिवस सगळ्यात लांब गेला. आण्णांना काहीच झालं नाही. ते सपाट चेहऱ्याने पडून होते, मोजलेलं पाणी मोजून पीत होते आणि जेवणात मीठ नाही म्हणून जेवणाकडे न बघता जेवत होते. साहेब छावणीत येणार होते तो दिवस उजाडला तसे ते फारच उतरले. "कदी कदी नळी नीट धुतल्याली नसती," ते दुपारी म्हणाले. "मंग चांगलं दूध बी फाटतंय." मलाही आतून तेच वाटायला लागलं होतं, की नळी धुतलेली नसावी.

ऊन कलायच्या सुमारास ते खोकायला लागले. आधी साधा खोकला. मग ते उठून बसले, पाय खाली सोडले आणि काही बोलायच्या आत त्यांना धाप लागली. अंग घामाने भिजलं. आईने हाक मारायच्या आत नर्स आत होती. ऑक्सिजन खाटेशेजारी आधीपासून होता, इंजेक्शन ट्रेमध्ये होतं, डॉक्टर त्याच मजल्यावर होते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. एवढंच बघितलं, की कुणी पळत नव्हतं. सगळे जणू याचीच वाट बघत होते. थोड्या वेळाने लघवीची पिशवी भरायला लागली, आणि ती जसजशी भरत गेली तसतसा आण्णांचा श्वास खाली बसत गेला. दिवे लागायच्या वेळी त्यांनी तोंडावरचा मास्क किंचित बाजूला केला.

"साऱ्या जिल्ह्यात पानी न्हाई," ते म्हणाले, "आन माझ्या छातीत कुठनं साठलं?"

आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. ती हसायला गेली की रडायला, हे मी कधी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, "हे जीपमध्ये झालं असतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं. आण्णांनी मान डोलावली. त्यांना पुढचं माहीत होतं.

छावणीतली हकीकत चेअरमनांनीच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितली. तपासायला कुणीच नाही म्हणून आण्णांच्या खुर्चीत ते स्वतः बसले होते. भांडण नको म्हणून त्यांनी साहेबांसमोर सगळ्यांनाच सात फॅट सांगितली.

"समद्यांना?" आण्णांनी विचारलं.

"समद्यांना. उगं आपलं तुपलं कशाला."

"गायीला बी?"

चेअरमन जरा घुटमळले. "गायीला बी."

आण्णांनी डोळे मिटून घेतले. साहेब हसून हसून बेजार झाले होते आणि पाऊस पडेपर्यंत गाडी येईल असं कबूल करून गेले होते. त्याचा आण्णांना आनंद झालाच. पण म्हशीची सात गायीला लावली, हे त्यांच्या मनाला लागलं. डॉक्टर तपासायला आले तेव्हा छातीवर ईसीजीच्या वायरी लावलेल्या असताना ते त्यांना सांगत होते, "साहेब, गायीला सात लागत न्हाई हो. कुठंच लागत न्हाई."

पुढे दर वेळी रक्त तपासलं की आकडा उतरत गेला. नर्स सांगायची, "काका, आज कमी आला." आण्णांचा चेहरा सवयीने पडायचा, आणि मग लक्षात येऊन वर यायचा. त्यांचा चेहरा असा आधी पडून मग वर येताना बघणं हा माझा आणि आईचा त्या दिवसांतला विरंगुळा होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की हृदय पहिल्यासारखं झालेलं नाही. गोळ्या कायमच्या, पाणी मोजून, तपासणी वरचेवर. गावात आल्यावर शेजारपाजारच्या बायका घागरी घेऊन टँकरपुढे उभ्या असायच्या आणि आण्णा ओसरीत आपल्या ठरलेल्या तांब्याकडे बघत बसायचे. "तुमास्नी बी मोजून, मला बी मोजून. आपली सोसायटी एकच," ते म्हणायचे.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी ते छावणीत जाऊन खुर्चीत बसले. आई आणि मी मागे उभ्या होतो, त्यांनी काही उचलू नये म्हणून. पहिलाच कॅन चेअरमनांचा होता, आणि मान म्हणून तो त्यांनी स्वतः आणला होता. आण्णांनी झाकण काढलं, वास घेतला, जरा थांबले, आणि दिवा पेटवायला सांगितलं. लोक जवळ आले. नळीतलं दूध उकळलं आणि काचेला बारीक कण चिकटलेले आम्हा सगळ्यांना दिसले.

"दिसायला तर चांगलं हाय, सेक्रेटरी," चेअरमन म्हणाले.

"मी बी दिसत होतो," आण्णा म्हणाले. "फुडचा कॅन."

चेअरमनांनी ते दूध साखर घालून आटवलं आणि छावणीत वाटलं. आण्णांच्या वाटणीचं आईने खाल्लं.

त्यानंतर ते बरीच वर्षं होते. बीडला तपासणीला जायचे, आकडा विचारायचे, गावात येऊन सगळ्यांना सांगायचे. उतरला तर अभिमानाने, चढला तर गुपचूप. या थंडीत ते गेले, घरी, आपल्या खाटेवर.

ओसरीत चेअरमनही आले होते. आता म्हातारे झालेत, काठी घेऊन चालतात. सगळे आपापल्या परत फिरलेल्या दुधाच्या गोष्टी सांगत होते आणि ते काठीवर हनुवटी टेकून नुसते ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, "चेअरमन, तुमचं बी फिरवलंतं ना एकदा?"

"फिरवलंतं," ते म्हणाले. "समद्या छावनीसमोर. दवाखान्यातनं आल्यावर पैल्या दिशी." त्यांनी आत, आईच्या दिशेने बघितलं. "त्या दिशी मला लई बरं वाटलंतं."